जिब खालून गुंडाळतं, वरून नाही! जुना फर्लर बसवताना अडलोय

पाणकावळा | १४ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, राम राम. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तीन वर्षांपूर्वी एका क्लबातून मोडीत निघालेली पंधरा फुटी कॅटामरान घेतली. फायबरचे दोन निमुळते हल (तरंगणारे सांगाडे), मध्ये ट्रॅम्पोलिन (बसायची ताणलेली जाळी), साडेसहा मीटरची डोलकाठी, एक मोठं शीड आणि पुढे छोटं शीड, म्हणजे जिब. बायकोने बारसं केलं, 'जोडगोळी'. खडकवासल्याच्या फुगवट्याला लागून एका ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे आंब्याखाली ती असते.

आपल्याकडचा उन्हाळ्यातला वारा माहीत असेलच. दुपारी दोन-अडीचपर्यंत पान हलत नाही, मग पश्चिमेकडून घाट चढून वारा येतो आणि सूर्य कलेपर्यंत मजा. पण एप्रिल-मेमध्ये यातच कधीतरी सिंहगडाच्या बाजूने काळं भरून येतं आणि दहा मिनिटांत वळीव. गेल्या मेमध्ये असाच झोत आला. लेक (वय १४) जिब उतरवायला पुढे सरकली. कॅटला पुढे डेक नसतो, फक्त दोन नाकं आणि मध्ये पाणी. तिचं वजन पुढे गेलं, नाकं पाण्यात घुसली आणि जोडगोळीने कोलांटी मारली. लाइफ जॅकेट होती, कुणाला काही झालं नाही. घरी मात्र फर्मान निघालं की एक दोरी ओढून पुढचं शीड मिटत नसेल तर बोट विका.

म्हणून फर्लर. मुंबईला दारूखान्यात एका गाळ्यात जुना सेट मिळाला, साडेचार हजारांना. खाली दोरी गुंडाळायचा ड्रम, वर फिरणारं स्विव्हेल. कंपनीचं लेबल केव्हाच गेलेलं. ड्रमची उंची शॅकलसकट (जोडकडीसकट) १२ सेमी, स्विव्हेलची ६. हातात धरून फिरवलं तर दोन्ही लोण्यासारखे फिरतात.

आधी जिब पितळी हँकांनी (आकड्यांनी) फॉरस्टेवर, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेवर, अडकवलेलं असायचं. हँक उसवून काढले, खालचं टोक ड्रमवर, वरचं स्विव्हेलला, स्विव्हेल हॅलियार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीला. पहिल्या दिवशी गंमत झाली. जिब उघडं, ड्रम रिकामा. दोरी ओढतोय, काही होत नाही. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली की उलटं हवं: शीड उघडं असताना ड्रम दोरीने भरलेला पाहिजे, म्हणजे दोरी ओढली की ड्रम रिकामा होतो आणि शीड गुंडाळलं जातं. पतंगवाल्याला हे शिकवावं लागू नये, आसारी हातात घेऊन मोठा झालोय. पण असो.

आता खरी अडचण. दोरी ओढली की खालचा अर्धा भाग छान वळकटीसारखा घट्ट होतो. वरचा दीड मीटर मात्र ढिम्म. पाच-सहा वेढे खाली पडले तरी वर फार तर एक, आणि तो उरलेला त्रिकोण वाऱ्यात असा फडफडतो की डोलकाठी थरथरते. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच होत नाही.

स्विव्हेल बदलू का? नवीन परदेशातून मागवावं लागेल आणि किंमत बघून घाम फुटला.

---

बाकरवडी४२० | १४ एप्रिल, रात्री १०.०५

पयला! आम्हाला बोटीतलं काही कळत नाही, पण वाचतोय. फर्लर म्हणजे खिडकीचा गुंडाळता पडदा, एवढं समजलं. बरोबर ना?

---

पाणकावळा | १४ एप्रिल, रात्री १०.१२

बरोबर, फक्त उभा. चटई उभी धरून खालून पिळायची आणि वरून कुणी सोडलेली असावी, तसं समजा. माझी चटई वरून पिळली जात नाहीये.

---

नाना लेथवाले | १५ एप्रिल, सकाळी ७.२०

भोसरीत तीस वर्षं लेथ चालवतोय, बोट आयुष्यात पाहिली नाही, पण बेअरिंग पाहिली आहेत. हातात फिरतं म्हणजे चांगलं, हा गैरसमज काढून टाका. सायकलचं चाक उचलून फिरवलं की फिरतंच, माणूस बसल्यावर कळतं. तुमच्या त्या स्विव्हेलवर ताण आला की ते जाम होत असणार.

गाडी ठेवता त्या जागेत तुळईला स्विव्हेल टांगा. खाली पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार लटकवा, झाले ४० किलो. आता बोटाने फिरवून बघा. करकर आली तर उघडून ग्रीस भरा.

---

सातवी_लाट | १५ एप्रिल, सकाळी ९.५०

नानाकाका, चाचणी एक नंबर. ग्रीसला मात्र माझा कडाडून विरोध! अशा छोट्या फर्लरांतले गोळे बहुतेक कोरडे चालायलाच बनवलेले असतात. ग्रीस भरलंत की धूळ आणि वाळू त्यात चिकटून पॉलिश पेपर तयार होतो. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, भरपूर खळखळवायचं, वाळवायचं. फार तर सिलिकॉन स्प्रे.

मी काही वर्षं मुलांना डिंगी (छोटी शिडाची होडी) शिकवायचे, त्या अनुभवावरून विचारते. पाका (मोठं नाव लिहायचा कंटाळा), तुमच्या जिबच्या पुढच्या कडेत, म्हणजे लफमध्ये, काय आहे? तार की दोरी? आणि जिब पूर्ण चढवल्यावर स्विव्हेल आणि वरची कप्पी यांच्यात अंतर किती उरतं? या दोन उत्तरांशिवाय पुढचं सगळं हवेत गप्पा.

---

बाकरवडी४२० | १५ एप्रिल, सकाळी १०.३०

शीड, लफ, शीट... जिबची शीट म्हणजे शिडाचं कापड नाही का?

---

सातवी_लाट | १५ एप्रिल, सकाळी १०.४१

नाही हो, शीट म्हणजे दोरी, ज्याने शिडाचं मागचं टोक ओढून धरतात. शीड वेगळं, शीट वेगळी. दर बॅचला पहिला तास यातच जायचा, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

---

पाणकावळा | १६ एप्रिल, रात्री ११.१५

नाना, जार लटकवले. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन विचारून गेले की पाणीकपात जाहीर झाली का. ४० किलोवर स्पष्ट करकर. लाटताईंच्या सांगण्यावरून साबणाने धुतलं, चमचाभर वाळू निघाली! तीन वेळा धुतल्यावर जारसकट गुळगुळीत फिरतंय. आनंदाच्या भरात आज संध्याकाळी जाऊन बोटीवर लावलं.

फरक: वर एक वेढा पडायचा तिथे आता दोन पडतात. बस्स.

लाटताई, लफमध्ये दोरी आहे, ८ मिमीची, कापडात शिवलेली. आणि जिब पूर्ण चढवलं की स्विव्हेल कप्पीला जाऊन टेकतं. अंतर शून्य. लफवर आडव्या सुरकुत्याही दिसतात, पण त्या आधीपासून असाव्यात असं मला वाटत होतं.

---

सातवी_लाट | १७ एप्रिल, सकाळी ८.३०

सापडलं. स्विव्हेल निर्दोष आहे, नवीन मागवू नका.

ब्रायडलच्या (दोन्ही नाकांपासून मध्ये येऊन मिळणाऱ्या तारांच्या) प्लेटपासून वरच्या कप्पीपर्यंत टेप लावा आणि लफची लांबी मोजा. त्या दोघांच्या मध्ये आता तुम्ही १८ सेमीचं लोखंड घातलंय, पण जिब तेवढंच ठेवलंय. ते मावत नाही. स्विव्हेल कप्पीला टेकल्यावर हॅलियार्ड कितीही ओढा, ओढ कप्पीत मुरते, लफपर्यंत पोचतच नाही. सुरकुत्या त्याच्याच.

दुसरं, दोरीची लफ. हँकवर होती तोवर ठीक, कारण फॉरस्टेची तार तिला सरळ धरत होती. आता ती एकटी उभी आहे.

---

सरळरेषा | १७ एप्रिल, सकाळी ११.००

ताईंच्या मुद्द्याचं कारण सांगतो. ड्रम फक्त खालचं टोक फिरवतो. वरचं टोक फिरवायला तिथे कुणी नाही, खालची पिळणी लफमधूनच वर जायला हवी. दोरी ओढायला बळकट असते, पण पीळ पोचवण्यात अगदीच कुचकामी. ती स्वतः पीळ खाते आणि खालीच साठवते. तारेला पीळ द्यायला गेलात की ती हट्ट करते आणि तो हट्ट दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्यातही तार ताणलेली हवी. ढिली असली की वाऱ्याने धनुष्यासारखी वाकते, आणि वाकलेली लफ गुंडाळायला सरळ लफपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो.

ओल्या टॉवेलवर करून बघा. ढिला टॉवेल एका टोकाने पिळा, दुसरं टोक झोपलेलंच. ताणून धरा आणि पिळा, दुसऱ्या टोकाचा हात वळतो.

---

मालवणी_दर्या | १७ एप्रिल, दुपारी २.२५

बाबानू, फॉरस्टेक कोणी इचारल्यानच नाय!

हँक काढले, मग फॉरस्टे कुठे आहे? काढून टाकला असेल तर देव तुमचं रक्षण करो, कारण मग डोलकाठी त्या जिबच्या भरवशावर उभी आहे. हॅलियार्ड सुटला की डोलकाठी मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात. आणि काढला नसेल तर तो जिबला अगदी चिकटून असणार, आणि जिब गोल फिरताना त्याला वेढ्यात घेत असणार. वर अडकायला तेवढं पुरे. मी मालवणला दोन बोटींवर हेच निस्तरलंय.

आमच्या जुन्या शिडाच्या होड्यांना ही भानगड नव्हती. परबाण (शीड बांधलेली आडवी काठी) सरकन खाली घेतलं की शीड गेलं. पण परबाण खाली घ्यायला चार गडी लागायचे, हेही खरं.

---

पाणकावळा | १८ एप्रिल, रात्री १०.००

मापं घेतली. ब्रायडलची प्लेट ते कप्पी: ४.४२ मीटर. लफ: ४.३०. त्यात १८ सेमी घातले की ४.४८. सहा सेमी जास्त! हे विकत घेतानाच कळायला हवं होतं. टेप गाडीत होती हो.

मालवणीदादा, फॉरस्टे आहे, काढलेला नाही. पण तुम्ही म्हणता तसाच, त्याच प्लेटच्या त्याच भोकात, जिबला खेटून. आज फोनवर व्हिडिओ घेऊन सावकाश पाहिला: तिसऱ्या वेढ्याला फॉरस्टे शिडाच्या पोटात जातो.

एक मार्ग सुचतोय. ब्रायडलच्या तारा आखूड करून प्लेटच दहा सेमी खाली आणली तर? शीड कापायचं जिवावर येतं.

---

सरळरेषा | १८ एप्रिल, रात्री १०.३५

करू नका. वाळत घालायची दोरी जितकी सपाट ताणाल तितकी खुंट्यांवर ओढ जास्त, तेच इथे. दोन नाकांमधलं अंतर २.१ मीटर धरू. प्लेट ७० सेमी उंचीवर असेल तर फॉरस्टेवरच्या ओढीच्या सुमारे ९० टक्के ओढ ब्रायडलच्या प्रत्येक तारेवर येते. ६० सेमीवर आणलीत की प्रत्येक तारेवर पूर्ण १०० टक्के, किंचित जास्तच. तारा बदलता येतील. पण हीच ओढ दोन्ही हलांची नाकं आत खेचते, आणि तुमचे हल मोडीतले आहेत.

---

सातवी_लाट | १९ एप्रिल, सकाळी ७.४५

शीडच कापा, पण खालून नाही, वरून! सगळे खालून कापायला धावतात. तुमच्या जिबची खालची कड दीड मीटरच्या आसपास असणार. खालून २० सेमी कापलंत तर पाव चौरस मीटरहून जास्त शीड जाईल. वरचं टोक निमुळतं आहे. तिथून २० सेमी गेले तर कापलेल्या तुकड्याची रुंदी जेमतेम ७ सेमी. हातरुमालाएवढंही कापड जात नाही.

मात्र वरच्या कोपऱ्याला कापडाचे जे थरावर थर असतात, ते नव्याने द्यावे लागतील, सगळी ओढ तिथेच येते. आणि उसवलंच आहे तर त्याच वेळी दोरी काढून तार घाला. ३ मिमीची, १×१९ (एकोणीस तारा पिळलेली), ३१६ स्टील (सहसा न गंजणारं), दोन्ही टोकांना थिंबल (धातूचा फास) दाबलेली. ती सुमारे ७०० किलोला तुटते, तुमच्या बोटीला भरपूर. धरणाच्या गोड्या पाण्यात ३०४ सुद्धा चालेल, पण उद्या अलिबागला न्यायचा मोह झाला तर? फरक थोड्या पैशांचा आहे.

जिबला आडव्या बॅटन (शिडात घातलेल्या ताठ पट्ट्या) असतील तर त्याही काढाव्या लागतील. लफला समांतर असलेली बॅटन गुंडाळते, आडवी गुंडाळत नाही, मोडते. बॅटन काढल्यावर मागची कड बाहेर फुगलेली असेल तर ती फडफडेल, म्हणून किंचित आत वळवून कापून घ्या.

---

धायरीकर | १९ एप्रिल, सकाळी १०.१०

शिवणार कोण? पुण्यात शिडं शिवणारा मला तरी माहीत नाही.

---

पाणकावळा | १९ एप्रिल, दुपारी १.००

नाना पेठेत रिक्षाचे हूड शिवणारे एक चाचा आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी कापड दोन बोटांत चोळून विचारलं, "ये छत्री का है क्या?" डॅक्रॉन म्हटल्यावर मान डोलावली, "पॉलिस्टर ही है." माणूस जाणकार आहे. प्रश्न एवढाच की त्यांचं मशीन सरळ शिलाईचं आहे.

---

सातवी_लाट | १९ एप्रिल, दुपारी १.२०

कडा दुमडायला सरळ शिलाई चालेल. कोपऱ्याच्या थरांना नागमोडी शिलाईच हवी, कारण शीड ताणलं की सरळ टाका तटतट तुटतो. नागमोडीचं मशीन नसेल तर जाड सुई आणि मेण लावलेला पॉलिस्टर दोरा घेऊन तो कोपरा हाताने शिवा, दोन संध्याकाळचं काम आहे. सुती दोरा अजिबात नको, उन्हात आणि पाण्यात एका मोसमात कुजतो.

---

नाना लेथवाले | १९ एप्रिल, रात्री ८.००

फॉरस्टे वेगळा करायला दोन भोकांची प्लेट लागणार ना? मधलं अंतर आणि जाडी कळवा, ३१६ च्या पट्टीतून करून देतो. पैसे नकोत, एकदा त्या जोडगोळीवर बसवा. पोहता येतं.

अजून एक. जुन्या मालाला पिना इंची असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. बाजारातून ५ मिमीची पिन आणाल, ती जाणार नाही, मग ड्रिल मारून भोक वाढवायचा मोह होईल. वाढवू नका, कडेला माल कमी उरतो. मी पिनाच कातून देतो.

---

मालवणी_दर्या | २० एप्रिल, सकाळी ६.५०

नानांचं बरोबर. फॉरस्टेचं भोक पुढे, फर्लरचं मागे, मध्ये किमान ६-७ सेमी. वरही फॉरस्टेची जागा हॅलियार्डच्या कप्पीच्या वर हवी. हॅलियार्ड ताणला की जिबची तार सगळा भार घेते आणि फॉरस्टे ढिला पडतो. ते बरोबरच आहे, तो फक्त राखणदार. पण ढिला राखणदार मध्ये लुडबुडतो, म्हणून शॉक कॉर्डच्या (रबरी दोरीच्या) तुकड्याने पुढे ओढून ठेवा.

आणि हॅलियार्ड कुठला आहे? जुनी वेणीची दोरी असेल तर ताणल्यावर तासाभरात लांबते आणि पुन्हा ढिली लफ. डायनिमा (फारशी न लांबणारी दोरी) घ्या आणि खाली चारपट ओढ देणारा छोटा कप्पीसंच लावा.

स्विव्हेलच्या वरच्या अर्ध्यावर मार्करने रेघ मारा. गुंडाळताना ती रेघ फिरली तर स्विव्हेल काम करत नाहीये, हॅलियार्डच पीळ खातोय. रेघ जागेवर पाहिजे.

---

धायरीकर | २० एप्रिल, सकाळी ९.१५

मला ड्रमच्या दोरीचं विचारायचंय, मीही अशाच विचारात आहे. किती लांब, किती जाड?

---

सरळरेषा | २० एप्रिल, सकाळी ९.५०

पाकांच्या जिबचा हिशोब करू. खालची कड १.४५ मीटर धरू. गुंडाळीचा सरासरी व्यास ५ सेमी, म्हणजे एका वेढ्यात साधारण १६ सेमी शीड जातं. ९ वेढे. त्यावर शीटचे तीन वेढे हवेतच, नाहीतर वारा आत शिरून उलगडतो. झाले १२. ड्रमवर दोरीच्या वेढ्याचा सरासरी व्यास ६ सेमी, म्हणजे एका वेढ्याला १९ सेमी. १२ वेढ्यांना सुमारे २.३ मीटर. याच्यावर ड्रमपासून हातापर्यंतचं अंतर आणि शेवटचे दोन-तीन राखीव वेढे.

जाडी: ४ मिमी.

---

पाणकावळा | २० एप्रिल, सकाळी १०.२०

अरेच्चा. मी ६ मिमी घातलीय, हाताला बरी म्हणून. आठव्या वेढ्याला ड्रम काठोकाठ भरतो आणि नववा बाहेर उडी मारतो. तेही फर्लरच्याच खात्यावर मांडलं होतं मी.

---

सातवी_लाट | २० एप्रिल, सकाळी १०.४५

६ मिमीच ठेवा. वेणीच्या दोरीला आत गाभा असतो. ड्रमवर जाणाऱ्या भागातला गाभा ओढून काढून टाका. तेवढी दोरी चपटी, सुताच्या नाडीसारखी होते आणि ड्रममध्ये निम्मी जागा घेते. हातात येणारा भाग जाडच राहतो.

दोरी ड्रमला काटकोनात यायला हवी. फॉरस्टे मागे कललेला असतो, त्यामुळे ड्रमही कललेला असतो, आणि त्याला काटकोन म्हणजे मागे जाताना थोडं खाली. तुमच्या पुढच्या बीमवर (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) कप्पी लावलीत तर बहुधा आपसूक जमेल. डोळा ड्रमच्या पातळीवर आणून बघा: दोरी ड्रमच्या वरच्या किंवा खालच्या काठाला घासत असेल तर कप्पी हलवा. आणि जिब उघडताना दोरी एकदम सोडू नका. हातातून थोडी दाबून सोडायची, नाहीतर ड्रमवर ढिले वेढे पडतात, आणि नेमक्या वळिवात गाठ बसते.

---

पाणकावळा | ९ मे, रात्री १०.३०

उशीर झाला, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

शीड वरून २० सेमी कापलं. कात्री चालवताना हात थरथरला, खोटं का बोलू. चाचांनी कडा शिवल्या, वरचा कोपरा मी हाताने शिवला, दोन नाही, चार संध्याकाळी. ३ मिमी तार घातली, टोकं हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतली. नानांनी प्लेट आणि सहा पिना दिल्या, प्लेटवर पंचने 'जोडगोळी' कोरून! हॅलियार्ड डायनिमा, खाली चारपट कप्पीसंच. दोरीचा गाभा काढला.

आता हिशोब: लफ ४.१० अधिक १८ सेमी, ४.२८. कप्पीपर्यंत १४ सेमी मोकळे. हॅलियार्ड ताणला की लफ विजेच्या तारेसारखी वाजते.

काल दुपारी साडेतीनला पहिली खरी परीक्षा, नाना पाहुणे. वारा चांगला होता. लेकीने दोरी ओढली आणि जिब खालपासून वरपर्यंत चार सेकंदांत मिटलं! वरचं टोक खालच्यापेक्षा अर्धा वेढा मागे राहतं, तेवढं चालेल ना? मार्करची रेघ जागची हलली नाही. नाना ट्रॅम्पोलिनवर आडवे होऊन वर बघत म्हणाले, "बेअरिंग बोलत नाही म्हणजे सुखी आहे."

जिब ड्रमच्या उंचीने १२ सेमी वर गेल्यामुळे शीटची ओढ बिघडली होती, मागची कड घट्ट आणि खालची ढिली. कप्पी एक हात मागे घेतली, जमलं.

एक नवीनच गोष्ट कळली. जिब मिटून फक्त मोठ्या शिडावर वाऱ्यातून वळायला गेलो तर कॅट मध्येच थबकली, नाक वाऱ्यात, आणि उलटी मागे सरकायला लागली. तीनदा.

---

सातवी_लाट | ९ मे, रात्री १०.५५

अभिनंदन! अर्धा वेढा अगदी ठीक.

वळण्याचं: कॅट हलकी असते, वळताना पुढे रेटणारा जोर तिच्याकडे नसतो, आणि दोन हल सरळच जाऊ बघतात. वळताना जिब क्षणभर उलटं भरतं आणि नाक ढकलून देतं. ते मिटलंत की ढकलणारा गेला. म्हणून जिब मिटलेलं असताना वाऱ्याकडे पाठ करून वळा, म्हणजे जाइब. त्यात बूम (मोठ्या शिडाखालची आडवी काठी) जोरात येतो, डोकी खाली! नाहीतर थबकल्यावर सुकाणू उलटं धरून मागे सरकत नाक फिरवायचं, तेही जमतं सरावाने.

आणि हे छोटे फर्लर एकतर पूर्ण उघडे, नाहीतर पूर्ण बंद. अर्धं गुंडाळून शीड लहान करून चालवायचा मोह होईल. करू नका. अर्धी वळकटी लफवर फुगते, शीडाचा आकार जातो आणि सगळा ताण ड्रमच्या दोरीवर राहतो.

---

मालवणी_दर्या | १० मे, सकाळी ६.३०

छान. किनाऱ्यावर बोट सोडून जाताना मात्र मिटलेल्या जिबवर विसंबून जाऊ नका. दोरी क्लीटमधून (दोरी अडकवायच्या खाचेतून) सुटली की वाऱ्यात जिब उलगडतं आणि रिकामी बोट आपोआप पालथी होते. जिब खालीच उतरवा, निदान शीट चार वेढे मारून वर पट्टी बांधा.

---

पाणकावळा | १० मे, सकाळी ८.१०

दादा, हे एक दिवस आधी लिहायला हवं होतंत. काल चहाला गेलो तेवढ्यात नेमकं हेच झालं. बोट आंब्याला बांधलेली होती म्हणून वाचली. शेतमालकांची म्हैस मात्र बिथरून दावं तोडून गेली, ती संध्याकाळी सातला सापडली.

---

धायरीकर | १० मे, सकाळी ८.४०

पाका, जुन्या आडव्या बॅटन आणि पितळी हँक शिल्लक असतील तर मला द्याल का? माझं जिब अजून फॉरस्टेवरच आहे, आणि हा धागा वाचून मी यंदा तरी तिथेच ठेवायचं ठरवलंय.

---

पाणकावळा | १० मे, सकाळी ८.५२

घेऊन जा. हँक अकरा आहेत, बारावा पाण्यात पडला. आणि कापलेला तो ७ सेमीचा तुकडा कुणाला हवाय का? बायको म्हणते रुमाल कर, मी म्हणतो फ्रेम.